देवीच्या पोशाखातली माया

ब्लाउज घट्ट झाला अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की शिवणाऱ्या मावशी उलट तिलाच सुनवायच्या, "कापड आहे तेवढंच आहे बाई, वाढलात तुम्ही." जिभेला हाड नाही हिच्या, असं त्यांची जाऊ म्हणायची. पण तिनंही काजं-बटणं करत अख्खा जन्म ह्याच मशीनशेजारी काढला, तेव्हा तिचं सोडून द्या. अशा ह्या मावशींचा आवाज वर्षातून एकदा मात्र खाली यायचा. देवळातून देवीच्या नव्या पोशाखाचं कापड आलं, की.

देवीचं माप काढत नसत. माणसाचं माप काढलं तरी तो चिडतो, ही तर देवी. म्हणून गुरुजी गेल्या वर्षीचा पोशाख आणून द्यायचे. तो नव्या कापडावर पसरायचा, खडूनं रेघ मारायची, शिवणीत जाईल तेवढी माया बाहेर सोडायची आणि कापायचं. मावशी सुतभर माया जास्तच सोडायच्या. देवीला घट्ट झालं तर? अशी बावीस वर्षं गेली.

यंदा गुरुजी आले ते खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत.

"मावशी, हा माझ्या हातचा शेवटचा पोशाख. मी पूजा सोडतोय."

"का हो? झालं काय?"

"देवी रोडावत चाललीय." घरातल्या आजारी लेकीबद्दल बोलावं तसे ते बोलले. "पोशाख रोज मीच चढवतो ना. दरवर्षी मागे जास्त चिमटा घेऊन टाचावं लागतं. उपास केले, जप वाढवला. माझ्याच सेवेत खोट आहे, दुसरं काय."

ते गेले. मावशींनी त्यांनी आणलेला गेल्या वर्षीचा पोशाख पसरला, खडू उचलला आणि त्यांचा हात थांबला. पहिल्या वर्षी शिवलेला पोशाख प्रसाद म्हणून त्यांना परत मिळाला होता. तो कपाटातून काढून त्यांनी ह्याच्यावर ठेवला. खालचा सगळीकडून चार बोटं बाहेर आला.

जाऊ मान वाकडी करून बघत होती. "देवी कुठली रोडावतेय? तूच तिला ढगळ घालतेस."

मावशींना घास गेला नाही. सांगावं, तर देवीचं काम हातचं जाणार. बावीस वर्षं चुकीचं शिवणारीला कोण ठेवून घेईल? न सांगावं, तर तो भला माणूस स्वतःला दोष देत घरी बसणार. सकाळी दोन्ही पोशाख घेऊन त्या देवळात गेल्या.

"खोट तुमच्यात नाही गुरुजी, माझ्या कात्रीत आहे."

गुरुजींनी दोन्ही पोशाख एकावर एक धरून पाहिले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि गाभाऱ्याचा पडदा बाजूला केला. देवीचं स्नान नुकतंच झालं होतं.

"या उंबऱ्याशी. माप काढायचं नाही, पण बघायला कुणी बंदी केलीय? नीट बघून घ्या, कापायचं तुम्हालाच आहे."

मावशींनी पाहिलं. काळा, ओला दगड. जेमतेम हातभर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी खांदे झिजून गुळगुळीत झालेले, आणि दोन डोळे. एवढीशी? हिच्यासाठी गाव रांगा लावतं? मग ते डोळे आपल्याकडे बघताहेत असं त्यांना वाटलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. काही मागायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी येऊन त्यांनी पहिला पोशाख नव्या कापडावर पसरून कापलं. शिवणीपुरती माया, वर सूतही नाही.

नवा पोशाख चढला त्या दिवशी गुरुजींनीच पडदा बाजूला ओढला. मागे एकही टाचणी नव्हती. रांगेत कुणीतरी म्हणालं, "केवढी मोठी दिसतेय आज." एरवी गप्प न बसणारी जाऊ पदरानं डोळे टिपत उभी होती.

चार बोटं कापड कमी झालंय, हे मावशींना ठाऊक होतं. आपल्याच हातानं त्यांनी ते कापलं होतं. त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. देवी गाभारा भरून उरली होती. मावशी हात जोडून रांगेतच खाली बसल्या.