सुट्टीच्या चिठ्ठ्या आणि अश्विनीचा ओवसा

मंडळी, पाय दुखतायत, डोकं त्याहून जास्त, तरी लिहिते.

परळच्या एका हॉस्पिटलात मी नर्सिंगची प्रमुख आहे. गौरी-गणपतीत अर्धा स्टाफ कोकणात निघतो आणि नर्स तर आधीच कमी. म्हणून आज सकाळी सुट्टीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. वशिला नाही, रडारड नाही. स्वतःवरच खूश होते मी.

अश्विनीची चिठ्ठी कोरी निघाली, म्हणजे सुट्टी नाही. मे महिन्यात लग्न झालेली पोरगी, चिठ्ठी टाकून कामाला लागली. तासाभराने सीनियर तावडे सिस्टर केबिनमध्ये आल्या. त्यांना सुट्टी लागली होती.

"मॅडम, माझी सुट्टी तिला द्या. पहिला ओवसा आहे तिचा. नवी सून फळा-पानांनी भरलेली सुपं गौरीला ओवाळते ना, ते. गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच होतो, यंदा चुकला तर पुन्हा योग कधी येईल कोण जाणे."

मी म्हटलं, "एकीला बदलून दिली की उद्या सगळ्या दारात उभ्या राहतील. नियम म्हणजे नियम."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

तीन वाजता अश्विनीचा राजीनामा आला. नोटीस पिरियड गणपतीच्या आधीच संपतो. अशी नर्स शोधायला मला सहा महिने लागले होते.

आता घरी निघताना ड्यूटीचा तक्ता बघितला. गणपतीतल्या अश्विनीच्या ड्यूट्यांसमोर तावडे सिस्टरांनी स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. मला न विचारता.

खोडायला पेन काढलं आणि परत ठेवलं. केबिनच्या दारावर पाटी माझ्या नावाची आहे. वॉर्ड कोण सांभाळतं, ते तुम्हीच सांगा.