आईंच्या स्कार्फातला टाका

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, लिहायला वेळ लागतो. पण चार माणसांत तर माझा आवाजच फुटत नाही. म्हणून लिहिते. तुम्ही फक्त ऐका.

होळी गावाजवळ आमची वाडी आहे. केळी, पालेभाजी, थोडा मोगरा. घरात सासूबाई – त्यांना आम्ही आई म्हणायचो – मोठी जाऊ आणि मी. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. त्या कॉलेजात शिकलेल्या. माझ्या मुलीच्या शाळेच्या सभेलाही त्याच जायच्या, मला बोलता येत नाही म्हणून. सख्ख्या बहिणीपेक्षा माझा त्यांच्यावर विश्वास होता. होता – असंच लिहायला हवं.

आईंना कॅन्सर झाला. औषधांनी केस गेले. डोक्याला गार लागायचं, सुती रुमालसुद्धा टोचायचा. शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी मला सोपा तिकोनी स्कार्फ शिकवला. तीन टाक्यांनी सुरुवात करायची, दर ओळीला एक टाका वाढवायचा, तिकोन आपोआप होतो. लोकर मऊ, केसाळ, मांजरीच्या पिल्लासारखी. माझ्या हातून काही सुंदर झालं असेल तर तेच. पण आईंना द्यायची मला लाज वाटली. वहिनींना म्हटलं, तुम्हीच द्या ना.

त्यांनी दिला. कुणी विणला, असं आईंनी विचारलं, तर वहिनी नुसत्या हसल्या. मी तिथेच औषधाचा पेला घेऊन उभी होते.

"थोरलीच्या हातात माया आहे हो," आई म्हणाल्या. "धाकटी आपली कामाला बरी."

कामाला बरी! त्यांना आंघोळ कोण घालत होतं? उलटीचं भांडं कोण धूत होतं? वहिनी खरं सांगतील म्हणून मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग फोनवर नातेवाइकांना त्या स्वतःच सांगायला लागल्या – मी विणला. मी धीर करून विषय काढला, तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, तुम्ही द्या म्हणून? आता मध्येच कसं सांगू, वेडे?"

नणंदेच्या मुलीची हळद आली, अर्नाळ्याला. आईंना तिथे बांधायला नवा स्कार्फ हवा, म्हणून वहिनींनी पिवळी लोकर आणली. मी विणायचा, त्यांनी द्यायचा. मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणते.

आता सांगतेच. शेवटच्या ओळींत, जो भाग कपाळाच्या थोडा वर येतो तिथे, मी एक टाका सुईवरून सोडून दिला. चुकून नाही. केसाळ लोकरीत सुटलेला टाका दिसत नाही. पण डोक्यावर ताणून बांधला की तो एकेक ओळ खाली उसवत जातो, हे मला ठाऊक होतं. वहिनींची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. तो स्कार्फ कुणाच्या डोक्यावर असणार, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

आई नातीला हळद लावायला वाकल्या आणि स्कार्फ कपाळापासून मागेपर्यंत उघडला. मांडवातल्या बायकांनी माना खाली घातल्या. आईंचा हळदीचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"वहिनी, आईचं एवढं तरी नीट करायचं होतं," नणंद म्हणाली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याच हातून टाका सुटला," त्या म्हणाल्या.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. स्वतःचं खोटं झाकायला, की मला वाचवायला? मी विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

आई त्यानंतर चार माणसांत गेल्या नाहीत. वहिनींच्या हातचं पाणीही घेईनात. धाकटीला बोलवा, म्हणायच्या. मी जायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "या घरात माझी अशी तू एकटीच."

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी होत्या. मी हात सोडवून घेतले नाहीत.