दादाच्या मशीनचं कार्ड

जुने खेळ जुन्याच कॉम्प्युटरवर खेळायचा नाद असलेल्या लोकांचे नेटवर ग्रुप असतात. तिथे मी काही विचारलं की उत्तर येतं, "ब्रो, हे कार्ड घे." सुरुवातीला मी सांगायचे, की मी ब्रो नाही, चाळिशी ओलांडलेली बाई आहे, अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मग लगेच चार जण मला माउस कसा धरायचा ते शिकवायला धावत यायचे. त्यापेक्षा ब्रो परवडला.

बोरिवलीच्या आमच्या घरात बाल्कनी माझ्या ह्या पसाऱ्याने भरली आहे. शेजारणींच्या बाल्कनीत तुळशी आहेत, मी मदरबोर्ड धुऊन उन्हात वाळत घालते. नवरा काही बोलत नाही. बोलून उपयोग नाही हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं.

लोकांना वाटतं, जितकं भारी ग्राफिक्स कार्ड तितकं बरं. साफ चूक. पडद्यावर चित्र काढायचं काम ह्या कार्डाचं, पण मशीन पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर कार्डही त्याच पिढीचं लागतं. नवं आणलंत तर जुनी सिस्टिम त्याला ओळखच देत नाही. शिवाय व्होल्टेजची भानगड असते. आधीचे स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायच्या खोबणी, जास्त व्होल्टेज सोडतात, नंतरची कार्डं कमीवर चालतात. कार्डाच्या कडेला एक खाच असते ती बघायची, नाहीतर बळेच दाबून बसवलं की धूर. त्यात काही खेळ एकाच जातीच्या कार्डाशी बोलतात, बाकीच्यांना दारात उभं करत नाहीत. एकूण स्थळ बघण्यासारखाच प्रकार. पत्रिका जुळायला लागते, आणि समोरचा धडधडीत खोटं बोलतो. साकीनाक्याचा भंगारवाला "टेस्टेड है मॅडम" म्हणतो तेव्हा त्याने ते फक्त फुंकर मारून पुसलेलं असतं.

हे सगळं मी नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, स्वतःचं स्वतः शिकले. खरं म्हणजे ते मला शाळेतच शिकायचं होतं.

तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. आई अजून तिथेच आहे. दादा अकरावीत गेला तेव्हा बाबांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला. अभ्यासासाठी, असं म्हणायचं. त्यात एक चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं, ते काही अभ्यासासाठी नव्हतं. दादा क्लासला गेला की मी बसायचे. तो गाड्यांच्या शर्यतीत रस्ता सोडून झाडावर आपटायचा, मी नाही आपटायचे. पण मला शर्यतीपेक्षा कॉम्प्युटरचा डबा उघडायला जास्त आवडायचं. कोणती वायर कुठे जाते, कार्ड काढून परत बसवलं की चित्र कसं परत येतं, हे बघताना मला जेवायची शुद्ध नसायची. दहावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा हे मी ठरवून टाकलं होतं. बाबाही "बघू" म्हणाले होते, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मं हो.

आजोबा गिरणीत होते. तिथे दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, ती रीत आमच्या घरात उतरली. आदल्या दिवशी पक्कड, हातोडी, शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून ठेवायचं काम माझं. पूजा मात्र दादाच्या हातून. माझ्या दहावीच्या वर्षी मी कॉम्प्युटरही साफ केला. रंगाच्या ब्रशने धूळ काढली, कार्ड काढलं, खोडरबरने त्याचे स्लॉटमध्ये जाणारे पिवळे दात चोळले, परत बसवलं, चालू करून बघितलं. झकास चाललं.

दसऱ्याला दादाच्या डोक्यात आलं की कार्ड हेच आपलं खरं हत्यार. नुकताच इंजिनिअरिंगला लागला होता, अंगात भरपूर वारं शिरलं होतं. त्याने डबा आडवा घातला, कार्ड काढून तबकात ठेवलं, त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं झालं. आईने उघड्या डब्यावरही भक्तिभावाने अक्षता टाकल्या. मग त्याने कार्ड परत बसवलं, स्क्रू आवळला आणि मशीन चालू केलं. पडद्यावर उभ्या पट्ट्या. रंगीत, हलणाऱ्या, चित्राचे तुकडे करणाऱ्या पट्ट्या.

घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काल ब्रश कोणी मारला? खोडरबर कोणी घासलं? मी सांगत राहिले की काल चाललं होतं. पण पूजा केल्याने कधी काही बिघडतं का? बिघडतं ते पोरीने हात लावल्याने. बाबा ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हिच्या हाताला यश नाही." जूनमध्ये डिप्लोमाचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी तेच वाक्य तसंच्या तसं परत म्हटलं आणि कॉमर्सचा फॉर्म आणला. दादाला त्याआधीच, दिवाळीत, नवीन मशीन मिळालं होतं. जुनं माळ्यावर गेलं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांच्या पुष्कळ चांगल्या गोष्टी आठवतात, पण कुठल्याही मशीनचा स्क्रू सोडवताना ते एकच वाक्य कानात येतं. ह्याचा मला राग आहे. अजून आहे.

यंदा मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं आणि माळा रिकामा करायची वेळ आली. दादा परदेशात असतो. त्याने फोनवर सांगितलं, "ए, माझं मशीन टाकू नकोस हां. तुला येतं ना ते सगळं, चालू करून ठेव. मी येतोय, एकदा मनसोक्त खेळायचंय यार." माझं मशीन, म्हणाला. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला ते चालू करायचंच होतं. माझ्या हाताने चालू करायचं होतं, आणि त्याने ते बघायला हवं होतं.

रिक्षातून डबा बोरिवलीला आणला. पॉवर सप्लाय बदलला, जुन्या बोर्डावर फुगून निकामी होतात ते कपॅसिटर बघितले. एकही फुगलेला नव्हता. सुरू केलं. पट्ट्या. त्याच पट्ट्या, इतक्या वर्षांनी. मला क्षणभर पुन्हा फ्रॉकमधली अपराधी मुलगी झाल्यासारखं वाटलं, आणि मग त्या वाटण्याचाच संताप आला.

कार्ड मेलंय असं धरून मी दुसरं शोधलं. खाच बघितली, पिढी बघितली, पंखा नसलेलं निवडलं, कारण आपल्या हवेत जुने पंखे आधी जाम होतात. साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून चार वेळा जाऊन मिळवलं. घरी माझ्या एका मशीनवर लावून तासन्‌तास चालवलं, चित्र काचेसारखं स्वच्छ. दादाच्या मशीनमध्ये लावलं, पट्ट्या. ह्या कामाचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन तेच राहिलं, कार्ड बदललं, दोष तसाच राहिला. म्हणजे दोष कार्डात नव्हताच.

मग टॉर्च घेऊन मी वाकून बघितलं. कार्ड मागच्या टोकाला किंचित वर होतं. केसभर म्हणा. दाबलं तरी खाली जाईना. काढून स्लॉटमध्ये उजेड टाकला, तर धुळीखाली काहीतरी पिवळट. भुवयांच्या चिमट्याने ओढून काढलं. तांदळाचा दाणा होता. एका बाजूला अजून कुंकू लागलेलं.

मी तो तळहातावर घेऊन बाल्कनीत बसले. मला रडू नाही आलं. आदल्या दिवशी मी साफ केलं तेव्हा तो दाणा तिथे नव्हता, कारण अक्षता दुसऱ्या दिवशी पडल्या. एवढं साधं. कोणीही, कोणीही, एकदा कार्ड वर उचलून बघितलं असतं तर मी आज दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासत बसले नसते. स्लॉट ब्रशने आणि स्पिरिटने साफ केला. दादाचं जुनं कार्ड बसवलं. चित्र आलं, एकही पट्टी नाही. पंचवीस वर्षं ते कार्ड धडधाकट होतं. मग माझं नवं बसवलं, कारण ते जास्त खेळ चालवतं, आणि मला त्याला चांगलंच काहीतरी दाखवायचं होतं. असा माझा मूर्खपणा.

दादा आला त्या रविवारी मी मशीन मुलुंडला घेऊन गेले. जेवणं झाली, आई आत ओटा आवरत होती. मी मशीन लावलं, शर्यत सुरू केली. तो खुर्चीत बसला आणि खरंच खुलला. "कसलं भारी केलंस गं!" मला बरं वाटलं, ते नाकारत नाही. मग मी म्हटलं, "दादा, तेव्हा काय झालं होतं माहितेय? स्लॉटमध्ये अक्षतेचा दाणा होता."

तो पडद्यावरची नजर न काढता हसला. म्हणाला, "अगं, अजून तिथेच होता तो?"

त्याची गाडी झाडावर आपटली तेव्हा त्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्याने खुर्ची वळवली. "अगं, दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी उघडून बघितलं होतं. दिसला. पण बाबा नवीन मशीनला तयार झाले होते ना. हे चालू झालं असतं तर नवीन राहिलंच की मग. मी परत कार्ड लावून ठेवून दिलं. लहान होतो यार आपण."

"मी लहान होते," मी म्हटलं. "तू इंजिनिअरिंगला होतास. आणि जूनमध्ये बाबा माझ्यावर तेच वाक्य मारत होते तेव्हा तू समोर बसून पोहे खात होतास."

"एवढं काय त्यात? चांगली नोकरी आहे तुला."

माझा आवाज चढला असणार, कारण आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "काय झाला गो?" तिने तिच्या मालवणीत विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. बाबांचं वाक्य, दाणा, आणि दादाला सगळं माहीत होतं हे. तिला कळलं. तोंडावरून मला दिसलं की नीट कळलं. दादाने मान खाली घातली होती. मला वाटलं, आता ती त्याला काहीतरी बोलेल. एक शब्द. मला तेवढाच हवा होता.

आई माझ्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन दिसांसाठी इलो हा गो तो. कित्याक उकरून काढतंस?"

मी मशीन बंद केलं. डब्याची बाजू उघडली, स्क्रू सोडवला, माझं कार्ड काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. दादा "अगं, अगं" करत होता. आईने विचारलं, चहा घेऊन जातेस ना. मी चपला घातल्या. बाकीचं मशीन त्याचंच होतं, ते तिथेच ठेवलं.