चौथा पडदा

रघोजीराव वीणेला पडदे बसवत. तंजावरात वीणा कोरणारे कारागीर वेगळे. त्यांचं काम झालं की वीणा पश्चिम वीथीतल्या रघोजीरावांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येई. मेणात कोळशाची पूड कालवून ते दांडीवर काळे कट्टे घालत आणि त्यांवर पितळेचे चोवीस पडदे एकेक करून कानाने लावत. पडदा केसभर सरकला तरी सूर ढळतो. हे काम ते विसाव्या वर्षापासून करत होते, आणि पन्नाशी उलटली तरी एकही वीणा दुरुस्तीला परत आली नव्हती. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, पण विसरतही नसत.

चौसष्ट साली गल्लीत एक वाद सुरू झाला. निवृत्त सब-रजिस्ट्रार बाळकृष्णराव मद्रासहून विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि लाँगप्लेच्या चार तबकड्या घेऊन आले. समोरच्या घरातले व्यंकटरमण मास्तर यांच्याकडे किल्लीचा ग्रामोफोन आणि लाखेच्या जुन्या तबकड्या होत्या. मास्तरांनी पाटीवर हिशेब मांडला. त्यांच्या चार रुपयांच्या तबकडीत दोन्ही बाजू मिळून साडेसहा मिनिटं, म्हणजे मिनिटाला एकसष्ट-बासष्ट पैसे. नव्या बत्तीस रुपयांच्या तबकडीत चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला ऐंशी. शिवाय यंत्राचे तीनशे रुपये वेगळेच, आणि वीज गेली की सगळं मुकं. बाळकृष्णराव म्हणाले, तुमची सुई दर बाजूला बदला, तबकडी हातातून सुटली की ठिकऱ्या, आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त, तिचा भाव कोण लावणार? मास्तरांना ती खरखर प्रिय होती. तिच्याशिवाय आवाज त्यांना उघडावाघडा वाटे.

योगायोगाने दोघांकडे एकाच बाईंची वीणा होती. तिरुवैयारुच्या नागलक्ष्मीबाईंनी सत्तावन साली लाखेची एक तबकडी केली होती, आणि आता त्यांची लाँगप्लेही निघाली होती. त्यांच्या वीणेचे पडदे रघोजीरावांनीच छप्पन साली बसवलेले. तेव्हा निवाडा त्यांनीच करावा असं ठरलं.

रविवारी सकाळी रघोजीराव आधी मास्तरांकडे बसले. जुनी तबकडी ऐकून त्यांनी मान डोलावली. मग बाळकृष्णरावांकडे गेले. नव्या तबकडीत खरखर नव्हतीच. तारेवर नख पडल्याचा टणत्कार, बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर घसरल्याची बारीक कुजबुज, सगळं ऐकू येत होतं. रघोजीराव पुढे झुकले. आलाप गांधारावर ठरला तिथे बाळकृष्णरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले की बाईंची ही लकब पाहा, सूर जरासा खालून येतो आणि वर चढतो.

रघोजीरावांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा बाळकृष्णराव खूश झाले. आपलं यंत्र जिंकलं असं त्यांना वाटलं. रघोजीराव मात्र निवाडा न देताच उठले.

ती लकब नव्हती. गांधाराचा चौथा पडदा उतरता बसला होता. बाई प्रत्येक वेळी तार किंचित ओढून सूर जागेवर आणत होत्या. मास्तरांच्या तबकडीतही ते असणारच, पण खरखरीने झाकून टाकलं होतं.

दोन दिवस त्यांनी कामाला हात लावला नाही. बायकोला, वसुमतीला, एवढंच सांगितलं की आठ वर्षं बाई परत आल्या नाहीत याचा मी भलताच अर्थ लावला. तिने डबा बांधून दिला आणि तिसऱ्या दिवशी मेण नि शेगडी पिशवीत घालून ते तिरुवैयारुच्या बसमध्ये बसले.

नागलक्ष्मीबाई शिष्येला शिकवत होत्या. शिष्या गेल्यावर रघोजीरावांनी उभ्यानेच सांगितलं, "बाई, तुमचा चौथा पडदा मी चुकवला. आज बसवून देतो. पैसे नकोत."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, ताक दिलं. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं वो."

"मग बोलावलं का नाही?"

"तेव्हा वादनाची कचेरी जवळ आली होती. वीणा देऊन बसायला सवड नव्हती. नंतर बोटाने वाट काढली. आता लोक त्याच जागेला वाहवा म्हणतात." त्या पुढे म्हणाल्या, "पण मघाची मुलगी स्वतःच्या चांगल्या वीणेवरही गांधार ओढते. माझं ऐकून शिकली. ते मला खुपतं."

रघोजीरावांनी शेगडी पेटवावी की नाही हे विचारलं. बाईंनी वीणा पुढे सरकवली.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. एक पडदा हलवला की शेजारचे तपासावे लागतात. प्रत्येक सूर आता बाईंनी ऐकून हो म्हटल्यावरच ते पुढे जात, असं त्यांनी पूर्वी कुणासमोर केलं नव्हतं. शेवटी बाईंनी गांधार छेडला. बोटाने सवयीने तार ओढली आणि सूर चढा गेला. बाईंनी पुन्हा छेडला, पुन्हा चढा.

ते बोट वळायला तीन महिने लागले. त्या वर्षी मार्गळीत, डिसेंबरातल्या मैफलींच्या मोसमात, बाईंनी एक कचेरी नाकारली. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी, वीणा पूर्वीसारखी गोड राहिली नाही, असंही म्हटलं. हे कानावर आलं तेव्हा रघोजीरावांना वाईट वाटलं, पण बाईंनी निरोप धाडला की ती शिष्या आता गांधार सरळ लावते.

त्यानंतर वीणा घरी नेणाऱ्या प्रत्येकाला रघोजीराव बजावत, महिन्याने एकदा परत आणा, मला ऐकायची आहे. बरेच जण आणत नसत. मग ते स्वतःच पापनाशमला, कुंभकोणमला बसने जात, दारात चपला काढत आणि पाणीही न पिता म्हणत, आधी चोवीसही सूर सावकाश वाजवा.