मुऐदर ते बिन महमूद: रोवेनाच्या आईची तालीम

नाही, थांब. तुझी कमेंट वाचली मी. "दोहात राहून मेट्रोवर काय लिहितेस? डेझर्ट सफारीवर लिही, तेवढं तरी वाचू." वाळूवरून गाडी उडवायचीय ना तुला? त्याचे ढिगानं ब्लॉग पडलेत, तिकडे जा, उंटासोबतचा फोटोही तिथंच मिळेल. मला विचारशील तर या शहरातला सगळ्यात अवघड प्रवास मुऐदर ते बिन महमूद हा आहे. हसू नकोस. दुखऱ्या गुडघ्यानं, हातात जड पिशवी घेऊन आणि इंग्रजीचा एक शब्द न बोलता केलायस कधी? मी केलाय. गुडघा माझा नव्हता, एवढंच.

सांगते. मी बिन महमूदमध्ये दादा-वहिनीकडे राहते आणि चालत जाता येईल अशा एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. रोवेना तिथेच असिस्टंट आहे. फिलिपिन्समधल्या इलोइलोची. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला 'आते' म्हणते, म्हणजे त्यांच्याकडचं ताई. ती मला 'इंदाय' म्हणते, म्हणजे पोरी.

इथं शिफ्ट तुटक असते. सकाळची बाराला संपते, संध्याकाळची चारला सुरू होते. मी मधल्या वेळात घरी जाऊन वहिनीच्या हातची भाकरी खाऊन वर झोपही काढते. रोवेना मुऐदरला राहते. जाऊन यायचं म्हटलं तर येण्याजाण्यातच दुपार संपणार. त्यामुळे ती पॅन्ट्रीत एका खुर्चीवर बसते, दुसरीवर पाय ठेवते, कालचा भात खाते आणि भिंतीला डोकं टेकून झोपते. रोज.

आता तिच्या आईला, नानायला, इकडे यायचं होतं. व्हिजिटचे कागद झालेले. पण रोवेनाला सुट्टी नाही. चौघींच्या पार्टिशनच्या खोलीत म्हातारी दिवसभर करणार काय? यावर नानायनं फोनवर परस्पर तोडगा काढला: "मी रोज दुपारी तुला जेवण घेऊन येईन. दोघी मिळून जेवू." झालं. तेव्हापासून रोवेनाची झोप उडालेली. नानायचा गुडघा गेलाय, इंग्रजी शून्य, आणि आयुष्यभर प्रवास केला तो जीपनीतून. जीपनी म्हणजे तिकडची लांबोडकी, रंगीत वडाप समज. मागच्याचे पैसे हातोहात पुढं ड्रायव्हरपर्यंत जातात आणि उतरायचं असलं की छताला टकटक करायची. आमच्या कराडच्या वडापवाल्यांना हे फार आवडलं असतं. पण मेट्रोचं छत वाजवून काय होणार?

तिकडे तिच्या मामेभावानं तिकीट धरून ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

गुरुवारी रोवेना माझ्या काउंटरला टेकून म्हणाली, "इंदाय, उद्या तू माझी आई हो."

"काय?"

"माझ्या खोलीपासून क्लिनिकच्या दारापर्यंत एकटी ये. पोचलीस तर मी तिला ये म्हणते. नाही पोचलीस तर नको म्हणते."

घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "आई व्हायला निघालीय! आधी लग्न तर कर." दादानं मात्र काही न विचारता मला सकाळी गाडीनं मुऐदरला सोडलं. (टॅक्सीनं जाणार असाल तर व्हिलाचा नंबर आणि जवळच्या मशिदीचं नाव हाताशी ठेवा. तिथं सगळ्या भिंती एकाच रंगाच्या आहेत.)

खोलीत शिरले तर लसूण, व्हिनेगर आणि सोया सॉसचा वास. अडोबो. चिकन त्या आंबट रश्श्यात इतकं शिजवतात की हाड आपोआप सुटतं. रोवेनानं तो गरमागरम एका डब्यात, भात दुसऱ्यात भरला, दोन्ही टॉवेलात गुंडाळले, वर केळी ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"आते, हे खरंच न्यायचं? नुसती तालीम आहे ना?"

"नानाय रिकाम्या हातानं येणार नाही. वजन खरं पाहिजे."

मग तिनं मला पाठमोरी वळवलं आणि एक छोटा नॅपकिन माझ्या कुर्त्याच्या आत, पाठीवर सरकवला. घाम टिपायला. तिकडे आया पोरांना असंच करून शाळेत पाठवतात म्हणे. आईचं काम मी करायचं होतं आणि लेकरासारखं आवरून मलाच दिलं जात होतं. बरं वाटत होतं.

नियम तिनेच ठरवले. इंग्रजी बंद, हिंदी बंद, फक्त मराठी, कारण नानायची भाषाही इथं तितकीच चालणार. फोन तिच्याकडे जमा. जिना नाही, सरकता जिनाही नाही, फक्त लिफ्ट. चालायचं डाव्या पायावर जोर न देता. ती मागं राहणार, काहीही झालं तरी मदत करणार नाही. तोंडावर मास्क, डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यावर टोपी. बँक लुटायला निघाल्यासारखी दिसत होती.

दारात मी शेवटचं विचारलं, "स्टॉप कुठंय?" तर तिनं ओठांचा चंबू केला. मला वाटलं पापी देतेय. नंतर कळलं, ती दिशा दाखवत होती. हे लोक बोटानं नाही, ओठानं दाखवतात. आणि 'हो' म्हणायला नुसत्या भुवया उडवतात. पहिले कित्येक महिने मला वाटायचं की हिला माझं काही ऐकूच येत नाही. मी तेच तेच विचारायचे, ती भुवया उडवत राहायची.

मेट्रोची फीडर बस फुकट आहे. शुक्रवारी मेट्रो उशिरा उघडते, ते आधी बघून निघा. आम्ही निघालो तेव्हा ऊन वर आलेलं. गल्लीतून स्टॉपपर्यंत मी लंगडत गेले तर बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, दारातल्या मल्याळी काकांनी विचारलं, "क्या हुआ बेटी?" मी म्हटलं, "गुडघा धरलाय हो." त्यांनी 'गुडघा' न समजताच मान हलवली आणि खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. तशी एक लहानशी चूकच केली, नानाय बसली असती.

ही बस मेट्रो स्टेशनला सोडते. कार्ड टॅप करायचं, एका फेरीला दोन रियाल. हिरव्या लाइनची गाडी स्वच्छ, गार, आणि इतकी गुळगुळीत की चालू झालेली कळत नाही. कुटुंबांचा डबा वेगळा असतो, बायका त्यात बसतात. पलीकडं एक फिलिपिनो बाई आरशात न बघता पावडर लावत होती, तिच्या शेजारची ताठ बसून गाढ झोपलेली. स्टेशन आलं तशी टक्क जागी होऊन उतरली. रोवेना दाराजवळच्या खांबाला धरून उभी. गॉगल माझ्याकडे वळलेला.

मुशैरिबला गाडी बदलायची. इथं तिन्ही लाइन भेटतात. सुंदर स्टेशन आहे, उंच कमानी, मऊ उजेड, फोटो काढायला जा जरूर. पण गुडघा घेऊन जाऊ नका. लिफ्ट शोधण्यातच दमले. पिशवी या हातातून त्या हातात. शेवटी युनिफॉर्ममधल्या एका आफ्रिकन मुलीला म्हटलं, "बिन महमूदला जायचंय गं. सोनेरी गाडी." तिला नाव कळलं. तिनं हातानं खाली, मग डावीकडं असं अगदी नीट दाखवलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं मान डोलावली, लिफ्टनं खाली गेले आणि उजवीकडे वळले. समोर गाडी उभी, दारं बंद व्हायची वेळ. मिळेल त्या डब्यात शिरले. काचेतून दिसलं, रोवेना पळत येऊन पुढच्या डब्यात घुसली.

घोषणा झाली: सूक वाकिफ.

"अगंबाई, हे काय आलं!"

समोरच्या सीटवरचा माणूस एकदम पुढं सरकला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. "मराठी का हो ताई तुम्ही?"

"हो! मला बिन महमूदला जायचंय."

"मग ही गाडी जाती का तिकडं?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"मी बी पहिल्यांदाच बसलो बघा," तो हसला. परभणीकडचा, इंडस्ट्रियल एरियात राहतो, सुतारकाम करतो. "कंपनीची बस नेती अन् आणती. रस्ता म्हून काही ठाव नाही. आज म्हटलं बाजार बघावा, बायकूला काहीतरी घ्यावं." मग दोघांनी मिळून दारावरचा नकाशा बघितला. तो बरोबर निघालेला, मी उलटी. सूक वाकिफला दोघं उतरलो. त्यानं माझी पिशवी घेतली, मला परतीच्या बाजूला आणलं आणि गाडी येईपर्यंत थांबला. "पाय दुखायलाय का? बसा की खाली." मी गाडीत चढले तशी पिशवी आत देत तो म्हणाला, "पोचल्यावर फोन करा बरं का!" नंबर ना त्यानं दिला, ना मी. दार लागलं तेव्हा तो स्वतःच कपाळावर हात मारून हसत होता.

बिन महमूदला लिफ्टनं वर आले तर रोवेनानं गॉगल काढलेला.

"खलास. फेल."

"अगं पोचले की!"

"त्या माणसानं पोचवलं. तो तुझ्या गावचा. चीटिंग."

"माझ्या गावचा कुठला, परभणीचा तो. आणि नानायला कुणी भेटणार नाही? अर्धी गाडी तुमचीच असते."

तिनं चालता चालता मास्क हनुवटीखाली ओढला. मग म्हणाली, "मीच असते ना त्या गाडीत. मी कुणाकडे बघते? बसले की डोळे मिटते. एकदा एक म्हातारी माझ्यासमोर उभी राहून काहीतरी विचारत होती. आमच्याच भाषेत. मी झोपेचं सोंग घेतलं, इंदाय. दिवसभर उभी होते मी. माझ्या आईसमोर सगळे असेच दमलेले असले तर?"

मी लंगडायचंच विसरले.

शुक्रवारी क्लिनिक बंद असतं. आम्ही बाहेरच्या पायरीवर सावलीत बसलो, समोर बेकरीवाला शटर वर करत होता. तिनं डबे उघडले, मला वाढलं आणि स्वतः न जेवता आईला व्हिडिओ कॉल लावला. नको म्हणून सांगायला.

नानाय मी पहिल्यांदा बघितली. फुलाफुलांचा झगा, पांढरे केस वर बांधलेले, मागं पंखा. तिकडे संध्याकाळ झालेली. रोवेना बराच वेळ बोलत होती. मला फक्त 'मुशैरिब' कळलं, ते दोनदा आलं. नानायनं मधेच तोडून काहीतरी विचारलं. रोवेनानं कपाळाला आठ्या घालून फोन माझ्याकडे वळवला. माझं तोंड अडोबोनं भरलेलं.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, जेवण गरम आहे का."

बोलता येत नव्हतं. मी भुवया उडवल्या. तिकडे नानाय टाळी वाजवून हसली आणि एक लांब वाक्य बोलली. रोवेना नुसती भाताचा गोळा बोटांनी दाबत राहिली.

"सांग की."

"म्हणतेय, ही पोरगी हरवली, उलटी गेली, तरी जेवण गरम पोचलं. मग यात अवघड काय आहे, ते मला नीट सांग."

रोवेनानं नीट सांगितलं नाही. तो घास तोंडात घातला, रस्त्याकडे बघत चावला, आणि डाव्या अंगठ्यानं मामेभावाला मेसेज केला. मी विचारलं नाही. तिच्या भुवया वर गेलेल्या होत्या.

घरी आले तर वहिनी म्हणाली, "झालीस का आई?" म्हटलं, "झाले, जेवण होईपर्यंत." हात दुखत होता, पिशवीच्या बंदांचे वळ दोन दिवस राहिले. राहिलेलं दुसरं म्हणजे, आता मी मेट्रोत इअरफोन एकाच कानात घालते. दुसरा उघडा ठेवते. बाकी या प्रवासातून काय मिळालं विचारशील, तर खर्च दोन रियाल आणि अडोबो फुकट.

नानाय परवा आली. काल रोवेनाबरोबर एकदा येऊन रस्ता बघून गेली. आज माझी सुट्टी आहे आणि आज ती पहिल्यांदा एकटी निघालीय. रोवेना आत्ता कुणाच्या तरी तोंडात नळी धरून उभी असेल, तिला हलता यायचं नाही. मला येतं. मुशैरिबला खाली एका खांबामागं उभी राहणार आहे. मदत करायची नाही, तसं रोवेनाला कबूल केलंय. ती कुठल्या बाजूला वळते तेवढं बघणार. आणि चुकीच्या बाजूला वळलीच, तर मीही त्याच गाडीत चढणार, दुसऱ्या डब्यात.

यात बघण्यासारखं काय, असं तू लिहायला घेतलंच असशील. लिही. माझ्या पायात चप्पल आहे, दार उघडंय आणि लिफ्ट आलीय.