मधली संयोगिता

लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की संयोगिता म्हणते, वेळच मिळाला नाही. लोक हसतात. मी हसत नाही. मी तिच्या घराशेजारी राहते, शाळेपासूनची मैत्रीण आहे, आणि तिचा वेळ कुठं गेला ते रोज बघत आले. तो जिन्यात गेला.

त्यांच्या घरात खाली थोरला अमरसिंह, वर धाकटा विजयसिंह, आणि जिना वळतो तिथल्या खोलीत ही असायची. दोघा भावांचा अबोला आहे. वडील गेले, त्यांच्या तेराव्याच्या संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायला बसले. अमरसिंहदादांनी वजिराला हात लावला आणि चालवला घोडा. विजयसिंह म्हणाला, हात लावलास तेच खेळायचं. त्यावरून जे उठले ते आजतागायत एकमेकांशी बोललेले नाहीत. बारा-तेरा वर्षं झाली असतील. जमिनीवरून भांडणारे परवडले, त्यांना निदान जमीन तरी असते.

अबोला धरणाऱ्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते निरोप पोचवणाऱ्याचं. सांग त्याला, टाकी भरली, मोटार बंद कर. सांग त्याला, माझ्या गाडीपुढं गाडी लावू नको. दोघांच्या बायका शहाण्या, त्यांनी पहिल्याच वर्षी यातून अंग काढून घेतलं. राहिली संयोगिता. शाळेत मुलींना खो-खो शिकवणारी ही बाई, पण चाळिशीतच गुडघ्यांनी दगा दिला. चार दिवस कुठं गेली तर घर तुंबायचं आणि दोघांचे फोन तिलाच.

मागच्या वर्षी मलकापूरला मुलींच्या वसतिगृहात तिला अधीक्षिकेची जागा मिळाली. राहायला खोली, तीही तळमजल्यावर.  "मोना, हितं जीव गुदमरतोय गं माझा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदा बोलून दाखवलं.

भावांनी दोघांनीही खुशाल जा म्हटलं. फक्त तुझी खोली मला, असंही दोघांनी म्हटलं. खोलीचं ठरल्याशिवाय किल्ली कुणाला द्यायची नाही आणि जायचंही नाही, ही दोघांची अट. बरं, एकाला किल्ली दिली तर दुसरा हिच्याशीही अबोला धरणार, आणि आपलं म्हणून तिला हे दोघंच. रुजू व्हायचा सोमवार जवळ आला तरी दोघंही ढिम्म.

मग तिला वडिलांची मशिनं आठवली. तिच्या वडिलांना, म्हणजे गणपतकाकांना, बुद्धिबळाचं वेड, आणि त्यांच्याकडं बुद्धिबळ खेळणारी दोन मशिनं होती. मशीन म्हणजे पटच, पण आत डोकं असलेला. आपण सोंगटी घरावर दाबायची, ते विचार करतं आणि आपली चाल लाल दिवे लावून दाखवतं. एवढी एकच विद्या त्याला येते. काकांना या दोघांना झुंजवायचा नाद होता. पण एका मशीनची चाल दुसऱ्याला आपोआप कळत नाही, मध्ये माणूस लागतो. याची चाल बघायची आणि त्याच्या पटावर दाबायची. ते काम लहानपणापासून संयोगिताचं. काकांमागं एकेक मशीन एकेका भावाकडं गेलं.

तिनंच सुचवलं की मशिनं खेळू देत, ज्याचं जिंकेल त्याची खोली. आपलं मशीन थोर, ही दोघांचीही खात्री, म्हणून दोघंही तयार झाले. मी म्हटलं, मग दोन्ही एका टेबलावर आणा. दादा म्हणाले, माझं मशीन दाराबाहेर जाणार नाही, तो हळूच काहीतरी दाबेल. विजयसिंहाचंही तेच. म्हणजे पुन्हा जिना आलाच.

रविवारी सकाळी डाव सुरू झाला. मी मुद्दाम जिन्यातच बसले, पडलीबिडली तर उचलायला कुणीतरी हवं. ती खाली वाकून दिवे बघायची, कठड्याला धरून वर यायची, विजयसिंहाच्या पटावर सोंगटी दाबायची, मशीनचा विचार होईपर्यंत उभी राहायची आणि त्याचं उत्तर घेऊन उतरायची. दोघं भाऊ आपापल्या खुर्चीत, गड राखणाऱ्या किल्लेदारासारखे. बस म्हणायचं एकालाही सुचलं नाही.

दुपारपर्यंत वरच्या मशीननं एक हत्ती जास्तीचा मिळवला. खालच्याकडं वजीर तेवढा धड होता. त्यानं वजिरानं शह दिला. वरचा राजा कोपऱ्यात गेला. मग दुसऱ्या बाजूनं शह, राजा परत आधीच्या घरात. पुन्हा पहिला शह, पुन्हा कोपरा. संयोगिता खुळी नाही. तीच मांडणी तीनदा आली की डाव बरोबरीत सुटतो, हे तिला काकांनीच शिकवलेलं. ही जुनी मशिनं ते ओळखत नाहीत, खेळतच राहतात. तिनं खाली सांगितलं, वर सांगितलं, आता थांबा.

दादा म्हणाले, बरोबरी पाहिजे तर त्यानं मागावी. विजयसिंह म्हणाला, माझा हत्ती जास्त आहे, मी कशाला मागू, चालू दे.

चालू दे म्हणायला यांचं काय जातंय? तोच शह घेऊन ती वर आणि तोच राजा घेऊन ती खाली. खोली कुणालाच मिळणार नव्हती आणि हिचं जाणंही होणार नव्हतं. मला वाटलं, दोन्ही मशिनं उचलून रंकाळ्यात टाकावीत आणि मागोमाग या दोघांनाही.

पुढच्या खेपेला ती अर्ध्या जिन्यात माझ्याशेजारी मटकन बसली. दादांची चाल तशीच तोंडात. गुडघा दोन्ही हातांनी दाबत होती.

खालून दादा ओरडले, "संयोगिता, सांग त्याला, वजिराचा शह हाय."

ही गप्प. वरून आवाज आला, "सांग त्याला, राजा कोपऱ्यात गेला."

 खाली सोंगटी दाबल्याचा आवाज झाला. "सांग त्याला, परत शह." "सांग त्याला, राजा परत जाग्यावर." तिच्यावाचून डाव चालला होता, आणि पहिल्यापेक्षा भराभर.

संयोगितानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता रडते. पण तिच्या तोंडावर इतका राग मी जन्मात पाहिला नव्हता.

"ऐकू येतंय की यांना," ती म्हणाली. "पहिल्यापास्नं येत हुतं."

ती उठली. खोलीत जाऊन भरलेली बॅग घेतली, किल्ली कुलपालाच लटकत ठेवली आणि खाली उतरली. दादांच्या दारावरून गेली तेव्हा ते पटात डोकं घालून तिलाच हाका मारत होते. मी फाटकापर्यंत बॅग धरली, रिक्षा थांबवली. मलकापूरची एसटी मिळेल का, एवढंच ती बोलली. माझे मात्र डोळे भरून आले.

परत येऊन मी जिन्यात विसरलेला चष्मा घेत होते. दादांनी आतून संयोगिताला चहा टाक म्हणून दोनदा सांगितलं, ओ आली नाही, तेव्हा ते बाहेर आले. विजयसिंहही वरून कठड्यावर वाकला. दोघांनी उघडी खोली पाहिली, किल्ली पाहिली, मग एकमेकांकडं पाहिलं. आता तरी बोलतील, असं मला मनापासून वाटलं.

दादांनी मान माझ्याकडं वळवली. "मोना, विचार त्याला, कुठं गेली ही?"

वरून विजयसिंह मलाच म्हणाला, "सांग त्याला, मला काय ठाव?"

मी चपला घातल्या आणि घरी आले.