गेटची गोळी

माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागतं, त्यात सर्वांत मोठा वाटा दापोडीतल्या खानावळवाल्या मावशीचा आहे. ती माझ्या नात्यातली नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून बारावी करून मी इकडे आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजचा अर्ज कुणी पाहिलासुद्धा नव्हता. त्या अर्जावर 'स्थानिक पालक' असा एक रकाना होता. तो तसाच रिकामा ठेवून मी जेवायला बसलो होतो. मावशीनं भाकरी थापता थापता विचारलं, "कागदाकडं काय बघत बसलायस? जेव की." मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय? माझं नाव टाक." पिठाचे हात पदराला पुसून तिनं सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं. पुढची तीन वर्षं, दुपारची पंगत उठली की मी तिच्या मागच्या टेबलावर अभ्यास करत असे. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचो. एक दिवस ती म्हणाली, "अहो म्हणायचं आसंल तर दुसरी खानावळ बघ."

पदवी मिळाल्यावर मी चाकणला एका कंपनीत लागलो. यंत्रावर कापून येणारे लोखंडी भाग तपासायचं काम होतं. त्यासाठी दोन टोकांचं एक साधं माप असतं, त्याला आम्ही गेज म्हणतो. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर तुकडा पास. पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी मला बजावलं होतं, "गेजला एकच गोष्ट कळते. भोक बरोबर आहे म्हणून तुकडा बरोबर आहे असं समजू नकोस. आत तडा असेल तर गेज सांगणार नाही." मी ते वहीत लिहून घेतलं. मी सगळंच वहीत लिहून घेत असे.

ते कोरोनाचे दिवस होते. पहिली लाट ओसरली होती, कंपन्या पुन्हा भरू लागल्या होत्या, आणि आता संपलं असं जो तो म्हणत होता. कंपनीच्या गेटवर रखवालदार प्रत्येकाच्या कपाळासमोर तापमापक धरायचा. हिरवा दिवा लागला की आत. लाल लागला की माघारी, आणि माघारी म्हणजे चौदा दिवस खोलीवर. मला अजून कायम केलेलं नव्हतं. इतके दिवस गैरहजर राहिलेल्याला कायम करतील का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या खोलीत आम्ही चौघे होतो आणि गाद्या दोन. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा, त्यामुळे गादी कधी गार होत नसे. दिवसा झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून खिडकीला थर्माकोल बसवून वर चिकटपट्टी मारली होती. दाराच्या मागे खिळ्याला तापाच्या गोळ्यांची पट्टी लटकत असे. कुणी विकत आणायची हे ठरलेलं नव्हतं, पण ती कधी संपत नसे. तिचं नाव 'गेटची गोळी'. अंगात कणकण वाटली की निघण्याआधी तासभर एक घ्यायची. कपाळ गार, दिवा हिरवा. यात आपण कुणाला फसवतो आहोत असं आम्हाला खरोखरच वाटत नव्हतं. थकवा आहे, उतरेल, असंच वाटायचं.

एका शनिवारी माझं अंग मोडून आलं. घसाही खवखवत होता. गादीवर आडवा झालेला खोलीतला जोडीदार डोळे न उघडताच म्हणाला, "भावा, एवढ्या ओव्हरटाइमनं कुणाचं अंग दुखत न्हाई? घे गोळी अन् सूट. मला झोपू दे."

मी घेतली. गेटवर रखवालदारानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पस्तीस पॉइंट नऊ! राव, जिवंत आहात का तुम्ही?" मागची रांग हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दर रविवारी मी बसनं भोसरी आणि तिथून दापोडी असा मावशीकडे जेवायला जात असे. त्या सकाळी कणकण होती की नव्हती, हे मला आज आठवत नाही. गोळी घेतल्याचं मात्र आठवतं. रविवारी कुठलंही गेट नव्हतं, तरी सवयीनं हात खिळ्याकडे गेला.

मावशीचा बंदोबस्त कडक होता. दारात बादली आणि साबण. "कोपरापतुर धू. न्हाईतर आत पाऊल न्हाई." भाजी मिठाच्या पाण्यात बुडवलेली. वर्तमानपत्रावर तर तिनं इस्त्री फिरवली होती. तिला जुना दमा होता. मिठाच्या बरणीशेजारी तिचा पंप ठेवलेला असे, आणि रेल्वेच्या बाजूची खिडकी ती कायम बंद ठेवी, कारण रुळांवरून उडणारी धूळ आत आली की तिला खोकला लागायचा.

जेवण झालं की तिला पेपर वाचून दाखवायचा, हा आमचा रिवाज होता. मी मास्क लावूनच सुरुवात केली.

"काय गुणगुणतोयस? मला काय बी ऐकू येत न्हाई. काढ ते फडकं."

"मावशी, लावलेला बरा."

"का? आपल्या घरात कोण परकं हाय? तुला काय झालंय का?"

"नाही गं. गेटवर रोज तपासून सोडतात आम्हाला."

"मग? कंपनी तपासून सोडती माझ्या पोराला, आन् ह्यो तोंड झाकून बसतोय!"

मी मास्क हनुवटीखाली ओढला. ती ऐकायला पुढे सरकून बसली. त्या दिवशीच्या पेपरात आजार कसा पसरतो यावर मोठा मजकूर आला होता. तो मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. श्वासाबरोबर विषाणू बाहेर पडतो, मोठ्यानं बोललं की जास्त पडतो, बंद खोलीत हवेत साचून राहतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लक्षणं दिसण्याच्या आधीही माणसाकडून लागण होऊ शकते. न समजणारे शब्द मी तिला समजावूनसुद्धा सांगितले. मावशी म्हणाली, "खरं हाय बाबा. लोकांना कळत न्हाई." मग तिनं खालची बातमी वाचायला लावली. तासभर मी वाचत होतो. खिडकी बंद होती.

सोमवारी कारखान्यात शिरलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. यंत्रं चालू होती, माणसं होती, आवाज होता. थोड्या वेळानं लक्षात आलं की कूलंटचा वास नाही. लोखंड कापताना त्यावर पांढरं तेलकट पाणी सोडतात, त्याचा तो वास. तो कपड्यांना, केसांना, खोलीतल्या उशीलाही चिकटलेला असतो. मी डबा उघडला. लसणाची चटणी नाकाजवळ धरली. काही नाही. बोटानं चाटली, नुसती आग झाली. चटणी हातात धरून मी तसाच उभा राहिलो आणि वरिष्ठांचं ते वाक्य मला आठवलं. आत तडा होता, आणि मी पास होऊन मावशीच्या घरात जाऊन बसलो होतो.

मी स्वतःहून वरिष्ठांना सांगितलं. मला लगेच गेटबाहेर पाठवलं, दुसऱ्या दिवशी तपासणीला जायला सांगितलं. खोलीवर येऊन मी पहिल्यांदा खिडकीवरचा थर्माकोल ओढून काढला.

"अरे ऊन येतंय तोंडावर, राव!" जोडीदार ओरडला.

"येऊ दे. मला वास येत नाहीये."

तो उठून बसला. माझ्याकडे पाहत राहिला, मग हळूच खिळ्यावरच्या पट्टीकडे. मी मास्क घट्ट केला आणि गच्चीवर गेलो. तिथून मावशीला फोन लावला.

"काय रे, आज सोमवारचा फोन?"

"सहज."

"जेवलास का? हितं आज पोरं लई आली बघ, भाकरी पुरंना. थांब, वाढून येते." पलीकडे ताटांचा आवाज येत होता. मध्येच ती खोकली. दोनदा.

"मावशी, धूळ आली का आत?"

"न्हाई रे, मिरची टाकलीय तव्यावर. बोल की."

"काही नाही. तू वाढ त्यांना."

मी फोन ठेवला. आयुष्यात इतका भेदरट मी कधीच नव्हतो. पुन्हा फोन केला तरी ती हसण्यावारी नेईल, मला बोलूच देणार नाही, हे मला ठाऊक होतं. लिहिलेलं मात्र ती बोट ठेवून, एकेक शब्द करत, शेवटपर्यंत वाचते. म्हणून तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून, खिशात राहिलेल्या कंपनीच्या तपासणी-तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर मी मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि तिच्या फोनवर पाठवला.

माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. मावशीला चौथ्या दिवशी ताप आला, आणि बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला तशी ती दवाखान्यात गेली. जितके दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवलं होतं, ते दिवस मी विलगीकरण केंद्राच्या खाटेवर बसून मोजले. ती घरी आली. पण आज स्टेशनचा जिना चढताना ती मध्ये दोनदा थांबते, कठड्याला धरते, आणि मी दोन पायऱ्या मागे उभा राहतो. तिला माझ्याकडूनच लागण झाली की जेवायला येणाऱ्या कुणाकडून, हे कुणालाच सांगता येणार नाही. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. त्याचा उपयोग होत नाही. तिनं मला एकदाही बोल लावलेला नाही.

मूळ कागद माझ्याकडेच राहिला, म्हणून पत्र जसंच्या तसं देतो.

मावशी,

हे शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर. मधेच करू नकोस.

मला बहुतेक कोरोना झाला आहे. वास येत नाही. उद्या तपासणी आहे. मी तिची वाट बघत नाही, तूही बघू नकोस.

शनिवारी मला कणकण होती. गोळी घेऊन मी गेटमधून आत गेलो. रविवारी तुझ्याकडे येतानाही गोळी घेतली होती. गोळीनं ताप लपतो, आजार जात नाही. हे मला कळत होतं. तरी मी तुला सांगितलं की आम्हाला तपासून सोडतात.

तू मला हात धुवायला लावलेस ते बरोबर केलंस. पण हा आजार जास्त करून श्वासातून येतो, आणि मी तासभर तुझ्यासमोर उघड्या तोंडानं वाचत होतो.

आजपासून खानावळ बंद ठेव. पोरं उपाशी राहतील म्हणशील. ती दुसरीकडे जेवतील. तुला आज काही होत नसलं तरी तुझ्या श्वासातून त्यांना लागू शकतं. आज जेवून गेले त्यांना कळव. माझ्यामुळे असं सांग. तू लाजू नकोस.

पंप हाताशी ठेव. मेडिकलवाल्याकडून बोटाला लावायचं यंत्र मागव, दाराबाहेर ठेवायला सांग. सकाळ-संध्याकाळ आकडा मला कळव. चौऱ्याण्णवच्या खाली गेला किंवा दम लागला तर लगेच दवाखान्यात जा. ताप आला तर गोळी घे, पण घेतली हे डॉक्टरांना सांग. माझ्यासारखं करू नकोस.

माझ्या अर्जावर पालक म्हणून तू सही केली होतीस. दवाखान्याच्या कागदावर नातेवाइकाचा रकाना असतो. तिथे माझं नाव टाक. मला येऊ देणार नाहीत, पण फोन मी उचलीन, केव्हाही.

आता ऊठ आणि रेल्वेकडची खिडकी उघड. धूळ आली तर येऊ दे, नाकावर फडकं बांध. उघडलीस की मला एकच शब्द लिही: उघडली.